बडोद्यात ड्रोन आणि चिडलेले शेजारी: चार वाटा, आणि कोणती कुणासाठी

"शेजारी भांडायला आले, आता काय करू?" हौसेने ड्रोन घेतलेल्या बडोद्यातल्या मुलांकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. विचारणारा बहुतेक वेळा घाबरलेला किंवा तापलेला असतो, आणि दोन्ही अवस्थांत माणूस चुकीची वाट पकडतो. म्हणून चार वाटा समोरासमोर ठेवतो: नियमावर बोट ठेवून गच्चीवरूनच उडवत राहणं, शेजाऱ्यांशी बोलून वेळ आणि मार्ग ठरवणं, ड्रोन घेऊन गावाबाहेर जाणं, आणि गोष्ट हाताबाहेर गेली तर पोलिसांत जाणं. माझा कौल सुरुवातीलाच सांगून टाकतो. शेजाऱ्याचा राग बहुतेक वेळा तुमच्या स्क्रीनवर काय दिसतं हे त्याला माहीत नसल्यामुळे असतो. स्क्रीन दाखवून जेवढं काम होतं, तेवढं नियमांची प्रिंट दाखवून होत नाही.

नियमावर बोट ठेवून

ही वाट सगळ्यांना आधी सुचते. "माझा ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला आहे, मला काही लागत नाही." विकणाऱ्याने तेवढंच सांगितलेलं असतं आणि ते अर्धंच खरं आहे. 25 ऑगस्ट 2021 ला आलेल्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो आणि त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. 250 ग्रॅम ते 2 किलोचा मायक्रो ड्रोन निव्वळ हौसेसाठी उडवला तर त्यालाही लागत नाही. पण नोंदणी क्रमांक आणि हवाई क्षेत्राचे रंग नॅनोलाही चुकत नाहीत. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते. त्याहून जवळ असाल तर पिवळं किंवा लाल क्षेत्र, म्हणजे आधी परवानगी.

आता बडोद्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. विमानतळ हरणीला. तिथून दांडिया बाजार सरळ रेषेत साधारण पाच किलोमीटर. रावपुरा, मांडवी, कारेलीबाग, फतेहगंज, अलकापुरी सगळं आठच्या आत. दक्षिणेला मकरपुऱ्याला हवाई दलाचं स्टेशन, वायव्येला कोयलीची रिफायनरी. म्हणजे आपली मराठी वस्ती जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहते, त्या जुन्या शहरात गच्चीवरून परवानगीशिवाय ड्रोन उडवणाऱ्याच्या बाजूने नियम मुळात उभाच नाही. तुम्ही शेजाऱ्याला नियम दाखवायला गेलात आणि त्याने 112 ला फोन केला, तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. या नियमांखाली दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्यात शहर पोलीस आयुक्तांची जाहीरनाम्याने येणारी तात्पुरती बंदी वेगळी. मोठी मिरवणूक किंवा कुणा मोठ्या नेत्याचा दौरा असला की ती येते.

म्हणून भांडणाआधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा उघडून आपल्या गच्चीवर बोट ठेवून पाहा. रंग हिरवा नसेल तर ही वाट तुमच्यासाठी बंद, असं धरून पुढचं वाचा. हिरवा असला तरी ती मला पसंत नाही. कायद्याने तुम्ही बरोबर असाल, पण त्याच जिन्यावरून त्याच माणसांसमोर रोज चढायचं-उतरायचं आहे.

बोलून, वेळ ठरवून

गोत्री, वासणा, भायली या बाजूला, किंवा शहराबाहेरच्या नव्या टेनामेंटमध्ये, म्हणजे ओळीने बांधलेल्या स्वतंत्र घरांत, राहणाऱ्यांना, नकाशावर क्षेत्र हिरवं असेल तर ही वाट खरोखर उपयोगाची आहे. माझ्या मते सगळ्यांत जास्त कष्ट इथे घ्यावेत.

आधी समोरचा का चिडतो ते समजून घ्या. घरची गच्ची म्हणजे बायकांची मोकळी जागा. न्हाऊन केस वाळवायला बसायचं, उन्हाळ्यात पापड-कुरडया घालायच्या, पदर-ओढणीची फिकीर न करता दोन घटका बसायचं. तिथे डोक्यावर घूं घूं करत कॅमेरा येऊन थांबला तर कुणालाही राग येईल, आणि तो राग योग्यच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 ला खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं सांगितलं. तो त्या गच्चीवरच्या मावशींचाही आहे. बाईचं खासगी क्षणातलं चित्रण केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद आहे. तुमच्या मनात तसं काही नसेल, पण खालून बघणाऱ्याला तुमचं मन दिसत नाही, फक्त लेन्स दिसते.

भीतीचं आणखी एक कारण ताजं आहे. मे 2025 मध्ये सीमेवर तणाव असताना गुजरात सरकारने 15 मेपर्यंत समारंभांत फटाके आणि ड्रोन दोन्हींना मनाई केली होती. त्या दिवसांत घराघरांत टीव्हीवर ड्रोन म्हणजे हल्ला एवढंच दिसत होतं. एखाद्या आजोबांना तुमचं खेळणं पाहून धडकी भरली तर त्यांना हसू नका.

आता स्क्रीनचं. बहुतेक हौशी ड्रोनची लेन्स 24 मिमीच्या तोडीची, म्हणजे रुंद असते. अशा लेन्समध्ये जेवढ्या अंतरावरून पाहाल त्याच्या साधारण दीडपट रुंदीचा पट्टा चौकटीत मावतो. 60 मीटरवरून सुमारे 90 मीटर. फोरके व्हिडिओची रुंदी 3840 पिक्सेल. म्हणजे जमिनीवरच्या एका मीटरला जेमतेम 43 पिक्सेल आणि माणसाच्या चेहऱ्याला सात. सात ठिपक्यांत कुणी ओळखू येत नाही. तोच ड्रोन 10 मीटरवर आणा, चेहऱ्याला चाळीस पिक्सेल मिळतात आणि कोण आहे ते कळू लागतं. उंची हीच शेजाऱ्याची खरी हमी आहे. ड्रोनला झूमची दुसरी लेन्स असेल तर मात्र हे गणित कुणाला सांगू नका, कारण ते मग खरं राहत नाही.

हे आकडे तोंडी सांगून पटत नाहीत, दाखवावे लागतात. संध्याकाळी शेजारच्या मावशींना घरी बोलवा, ड्रोन 60 मीटरवर स्थिर करा आणि स्क्रीन त्यांच्या हातात द्या. शेजार गुजराती असेल तर त्यांच्याच भाषेत: "मासी, आवो, जुओ तो खरा, आमां तमारी अगाशी केवी देखाय छे." एका घरी मी हे होताना पाहिलं आहे. आधी दारातूनच हात झटकणाऱ्या बाई स्क्रीनवर आपली पाण्याची टाकी शोधत बसल्या. मग टाकीशेजारी वाळत घातलेली चादर सापडली, पण ती कुठल्या रंगाची ते त्यांना आठवून सांगावं लागलं. त्यानंतर त्यांचा प्रश्न बदलला: "खाली येतो तेव्हा काय दिसतं?"

तो प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण घोळ वर असताना होत नाही, चढता-उतरताना होतो. ड्रोन उठतो तेव्हा कॅमेरा सरळ समोर पाहत असतो आणि पहिल्या काही मीटरमध्ये नेमका शेजारच्या वरच्या मजल्याच्या खिडकीसमोर येतो. त्यात नवशिका तिथेच, माथ्याएवढ्या उंचीवर, सगळं ठीक आहे ना बघत ड्रोन तरंगत ठेवतो. म्हणून मोटर सुरू करायच्या आधीच गिंबल, म्हणजे कॅमेऱ्याचा फिरता आधार, पूर्ण खाली, जमिनीकडे वळवा. रेकॉर्डिंग बंद ठेवा. मग न थांबता सरळ वर जा आणि छपरांच्या बऱ्याच वर गेल्यावरच कॅमेरा उचला. उतरतानाही तसंच. आवाजालाही हाच उपाय लागू पडतो. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. 10 मीटरवरून 40 मीटरवर गेलात तर 12 डेसिबलचा फरक पडतो.

वेळ ठरवताना दुपारी एक ते चार सोडा. बडोद्यात ती वामकुक्षीची वेळ आहे आणि ती मोडणाऱ्याला माफी नाही. रात्रही सोडा. सकाळी लवकर वारा कमी असतो, पण त्याच वेळी गच्च्यांवर बायका असतात, म्हणून संध्याकाळचा अर्धा तास बरा. कोणत्या दिवशी उडवणार ते सोसायटीच्या ग्रुपवर एका ओळीत टाका आणि तेवढंच पाळा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्ची सोसायटीची आहे; सेक्रेटरीची लेखी हो घेतल्याशिवाय वर जाऊ नका.

या वाटेतला कच्चा दुवा म्हणजे एकच ठाम नकार. चार घरं हो म्हणाली आणि पाचवं नाही म्हणालं तर? त्या घराच्या बाजूला जायचं नाही, असं वचन देऊन ते पाळता आलं तर पाळा. घरं इतकी खेटून असतील की ते शक्यच नाही, तर माझ्या मते त्या एका घराचा नकार पुरेसा आहे.

गावाबाहेर

जुन्या शहरातल्या माणसाला माझं सरळ सांगणं आहे: गच्ची सोडा. क्षेत्राचा रंग हे एक कारण, दुसरं यंत्राचं. वाड्यांच्या आणि नव्या इमारतींच्या गच्चीत सळया असतात, पत्र्याची शेड असते, डिश अँटेना असतात. ड्रोनचं कंपास तिथे बिघडतं. सिग्नल तुटल्यावर ड्रोन आपोआप परततो खरा, पण जीपीएसची चूक काही मीटरची असते आणि दांडिया बाजारात काही मीटर म्हणजे शेजाऱ्याची गच्ची. चिडलेल्या शेजाऱ्याच्याच घरात ड्रोन उतरला तर भिंतीवरून उडी मारून आणू नका. जिन्याने जा, बेल वाजवा, मागा. न विचारता घुसलात तर गुन्हा तुमच्याकडून होतो.

महीकाठी सिंधरोटकडे किंवा पूर्वेला आजव्याच्या बाजूला मोकळी शेतं आहेत. दोन्हीकडे हरणीपासूनचं अंतर पुरेसं आहे, तरी पाण्याच्या योजना आणि कारखान्यांची हद्द पाहून, नकाशावर रंग बघूनच जा. शेत कुणाचं आहे ते विचारा. मालक बहुतेक वेळा हो म्हणतो आणि स्वतःचं शेत वरून बघायला उभा राहतो. खर्च पेट्रोलचा आणि वेळेचा. आठवड्यातून एकदाच उडवणं होतं, कामावरून आल्यावर सहज दहा मिनिटं हा आनंद जातो. पण शिकण्यासाठी ही जागा गच्चीच्या कितीतरी वरची आहे. गच्चीवर नवशिका घाबरत घाबरत फक्त वर-खाली करतो. शेतात तो वळणं शिकतो, वाऱ्यात धरून ठेवणं शिकतो, चुकून पडला तर मऊ मातीत पडतो.

उत्तरायणाचे दिवस मात्र कुठल्याच वाटेत बसत नाहीत. 14 आणि 15 जानेवारीलाच नव्हे, डिसेंबर संपत आला की आभाळात मांजा असतो आणि तो प्रोपेलरमध्ये गुंडाळला की ड्रोन दगडासारखा खाली येतो, तोही गच्चीवर जमलेल्या माणसांत. पतंगांचं आभाळ वरून टिपायचा मोह दरवर्षी नव्या मुलांना होतो. तो आवरा.

पोलीस

शिवीगाळ झाली, दगड आला, ड्रोन फोडला किंवा अंगावर हात टाकला, तर बोलण्याची वाट संपली. तिथे उलट उत्तर देऊ नका. ड्रोन सुरक्षित उतरवा, घरात जा, 112 ला फोन करा. दुसऱ्याची वस्तू मुद्दाम फोडणं हा न्याय संहितेच्या कलम 324 खाली गुन्हा आहे. नुकसान 20 हजार ते 1 लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तक्रार टिकते ती कागदांवर. खरेदीचं बिल, नोंदणी क्रमांक, त्या दिवशीच्या नकाशाचा फोटो, आणि ॲपमधला फ्लाइट लॉग. या लॉगकडे कुणी लक्ष देत नाही, पण ड्रोन कुठे, किती उंचीवर, किती वेळ होता हे त्यात क्षणाक्षणाचं असतं. "माझ्या खिडकीसमोर दहा मिनिटं थांबला होता" या आरोपाला तेच उत्तर आहे. अर्थात खरोखर थांबला असेल तर तेही त्यातच दिसेल.

व्हिडिओ पुसून टाक असा आग्रह होतो. साध्या नाराजीत, शेजाऱ्याचं घर चौकटीत आलं असेल, तर त्याच्या डोळ्यांदेखत पुसा. त्याला तो हक्क आहे असंच माना. तोडफोड किंवा मारहाण झाली असेल तर काही पुसू नका, कार्ड काढून जसंच्या तसं पोलिसांना दाखवा.

एक अट मात्र आहे. तुम्ही स्वतः पिवळ्या क्षेत्रात परवानगीशिवाय उडवत होतात, तर तक्रार करताना तेही नोंदलं जाईल हे धरून चला. शेजाऱ्याचा गुन्हा त्याने पुसला जात नाही, पण तुमची चूकही झाकली जात नाही. अशा वेळी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बसवून नुकसानभरपाई ठरवणं मला जास्त बरं वाटतं, मारहाण झाली नसेल तर.

तर मग कुणी काय निवडावं

जुन्या शहरात, भिंतीला भिंत लागून राहत असाल: थेट गावाबाहेर, शेजाऱ्यांना तसं जाऊन सांगा, म्हणजे आधीचा राग निवळेल. हिरव्या क्षेत्रातल्या टेनामेंट किंवा डुप्लेक्समध्ये असाल: आधी दोन-तीन महिने शेतात हात बसवा, मग स्क्रीन घेऊन शेजाऱ्यांकडे जा. फ्लॅटमध्ये असाल: सोसायटीचं लेखी पत्र हाती येईपर्यंत शेतच. आणि ड्रोन अजून घेतलाच नसेल तर दुकानात जायच्या आधी शेजारच्या दोन घरांत नुसतं विचारून पाहा. त्यांच्या उत्तरावरून ड्रोनसोबत आणखी एक बॅटरी घ्यायची, की ते पैसे सिंधरोटच्या पेट्रोलसाठी ठेवायचे, हे ठरवता येईल.