वरच्या मार्कवर पोर्टने शिरायचं की स्टारबोर्डने यायचं?

शिडाच्या बोटींच्या एक-दोन हंगाम शर्यती केल्या की हा प्रश्न पडतोच. पोर्ट म्हणजे वारा डावीकडून घेत चालणं, स्टारबोर्ड म्हणजे उजवीकडून. आपण फ्लीटच्या, म्हणजे शर्यतीतल्या बोटींच्या, मध्यात असतो, वरचा मार्क (वारा येतो त्या टोकाचा वळायचा बोया) डाव्या हाताला ठेवून वळायचा असतो आणि स्टारबोर्डच्या लेलाइनवर (पुन्हा बाजू न बदलता मार्क गाठता येतो त्या रेषेवर) शिडांची रांग लागलेली असते. त्या रांगेत लांबूनच जाऊन लागायचं, की पोर्टवर राहून मार्कजवळ फट शोधायची आणि तिच्यात टॅक मारायचा, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलायची?

मुंबई बंदरात लेझर या एकट्याने चालवायच्या छोट्या बोटीवर मी दोन्ही करून पाहिलंय. 2019 पासून बोटीचं नाव आयएलसीए झालं, पण आमच्या तोंडी अजून लेझरच आहे. पहिली चार वर्षं मी पक्का पोर्टवाला होतो आणि त्याची कारणं आजही मला पटतात. लांबून लेलाइन धरली की पुढच्या सगळ्या शिडांनी ढवळलेला वारा आपल्या वाट्याला येतो. त्यात ओहोटीचा ओढा असला तर लांबून बांधलेला अंदाज हमखास चुकतो, उधाणाच्या दिवसांत तर फारच. पोर्टची बाजू मात्र मोकळी असते, वारा स्वच्छ मिळतो आणि मार्क जवळ असल्याने लेलाइन नेमकी कळते. एकदा अकरावा होतो, मार्क वळून निघालो तेव्हा पाचवा. तो आनंद विसरता येत नाही.

नियम अर्थातच पोर्टवाल्याच्या विरुद्ध आहेत. समोरून स्टारबोर्डवर येणाऱ्याकडे मार्कची जागा मागता येत नाही. त्यातही शर्यतीच्या नियमांतला 18.3 नीट वाचावा असा माझा आग्रह आहे. तीन बोटींच्या लांबीच्या आत, म्हणजे लेझरला सुमारे साडेबारा मीटरमध्ये, पोर्टवरून टॅक मारून तुम्ही मार्ककडे निघालात आणि आधीपासून स्टारबोर्डवर आत आलेल्याला धडक टाळायला क्लोज-हॉल्डच्या (वाऱ्याच्या जितकं जवळ चालता येतं त्या दिशेच्या) वर चढावं लागलं, तर दोष तुमचा. त्याला खाली सरकून तुमच्या आतल्या बाजूला शिरायचं असेल, तर जागाही तुम्हीच द्यायची.

पण मी पोर्ट सोडलं ते नियमांमुळे नाही. सोडलं ते व्हँगमुळे, म्हणजे बूम (शिडाखालचा आडवा दांडा) खाली ओढून धरणाऱ्या दोरीमुळे. जोराच्या वाऱ्यात वर चढताना व्हँग घट्ट ओढलेला असतो, बूम जवळजवळ डेकवरून फिरतो आणि टॅक मारताना लाइफ जॅकेटची पाठ त्याखाली अडकते. मी सहा फुटी आहे, मला हा त्रास जास्त होत असेल. मोकळ्या पाण्यात असं झालं तर पाच-सात सेकंद जातात, इतकंच. मार्कजवळ तसं नसतं. मार्चमधली दुपार होती, वारा चौदा-पंधरा नॉट. चौथ्या आणि पाचव्या बोटीत सुंदर फट दिसली, सुकाणू लोटलं आणि जॅकेट अडकलं. नाक वाऱ्यात, शीड फडफडतंय, बोट थांबली आणि मग मागे जायला लागली. मागून स्टारबोर्डवर एक शाळकरी मुलगी येत होती. तिने जिवाच्या आकांताने बोट वर घेतली, तरी तिचं नाक माझ्या मागच्या कोपऱ्यावर आपटलंच. जेलकोटला (बोटीच्या वरच्या गुळगुळीत थराला) वीतभर चरा पडला. तिला काही लागलं नाही, पण तिचा पांढरा पडलेला चेहरा मला अजून दिसतो. मग त्याच वाऱ्यात दोन पूर्ण फेऱ्यांचा दंड घेतला. तोवर किती बोटी गेल्या ते मोजलं नाही.

उपाय करून पाहिले. जॅकेटवरून घट्ट लायक्रा घातला, बराच फरक पडला. टॅकच्या आधी व्हँग सैल सोडून पाहिला, पण गर्दीत सुकाणू, शीट (शीड आवळायची दोरी) आणि व्हँग एकदम सांभाळायला तिसरा हात लागतो. दहा टॅकपैकी नऊ नीट होतात, पण दहावा कुठे बिघडेल ते आपल्या हातात नसतं.

आता मी मार्कच्या आठ-दहा बोटींच्या लांबीइतकं आधीच, मोकळ्या पाण्यात टॅक मारतो आणि लेलाइनच्या अर्धी बोट वरून येतो. ओहोटी मार्कपासून मागे ओढत असेल तर एक-दीड बोट वरून. अगदी लांबून रांग धरायची नाही, हे महत्त्वाचं. ढवळलेल्या वाऱ्यात दोन-तीन जागा जातात हे मान्य, पण हंगामाच्या शेवटी माझे आकडे तरी सुधारलेले आहेत.

एंटरप्राइजसारख्या दोघांच्या बोटीवर जिब (पुढचं छोटं शीड) नाक ओढून पलीकडे नेतो, तिथे माझी तक्रार कदाचित लागू पडणार नाही. फ्लीट विरळ असेल, वारा आठ नॉटच्या खाली आणि फट दोन बोटींची असेल, तर मीही अजून पोर्टने जातो. पण तेव्हा व्हँग सैल असतो.