पत्रादेवी ते पोळे: गोव्याचं पेट्रोल नेमकं कुणाला परवडतं?

पत्रादेवी ही गोव्याची महाराष्ट्राकडची सीमा, पोळे कर्नाटकाकडची. निकाल आधीच सांगून टाकतो. गोव्यातून जाणारच असाल तर टाकी गोव्यातच भरा. फक्त पेट्रोलसाठी सीमा ओलांडणार असाल, तर बहुतेकांच्या हाती काही लागत नाही. दुचाकीवाल्यांच्या तर नाहीच नाही.

स्वस्ताईमागे तेल कंपनीची मेहेरबानी नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क सगळीकडे सारखं, फरक पडतो तो राज्याच्या व्हॅटने. २०१२ साली मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटरमागे एका झटक्यात सुमारे ११ रुपये उतरले. ‘गोव्यात पेट्रोल फुकटात’ ही ख्याती तेव्हाची. आजचं गणित तसं नाही. जून २०२४ मध्ये गोव्याने पेट्रोलवरचा व्हॅट २१.५ टक्के आणि डिझेलवरचा १७.५ टक्के केला, वर अर्धा टक्का ग्रीन सेस. त्याच महिन्यात कर्नाटकाने पेट्रोलवरचा कर २९.८४ टक्क्यांवर नेला. महाराष्ट्रात २५ टक्के आणि शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे.

समजा, राज्याचा कर लागण्याआधी पेट्रोल लिटरला ७८ रुपये पडतं. गोवा त्यावर साधारण १७ रुपये घेतो, कर्नाटक २३ आणि महाराष्ट्र साडेचोवीस. म्हणजे पोळ्याच्या बाजूला फरक सहाएक रुपयांचा, पत्रादेवीच्या बाजूला साडेसातच्या आसपास. डेपोपासून पंपापर्यंतच्या टँकरभाड्याने यात थोडे पैसे इकडे-तिकडे होतात. महाराष्ट्राचे ते ५.१२ रुपये टक्केवारीत नाहीत, ठोक आहेत. त्यामुळे कच्चं तेल कितीही उतरलं तरी त्या बाजूचा फरक पुरता मिटत नाही.

डिझेलची गोष्ट वेगळी, आणि इथेच बरेच जण जुन्या माहितीवर चालतात. जून २०२४ पर्यंत कर्नाटकात डिझेलवरचा कर १४.३४ टक्के होता, गोव्यापेक्षा कमी. तेव्हा कारवारला डिझेल भरून गोव्यात शिरण्यात शहाणपण होतं. मग तो १८.४४ झाला आणि १ एप्रिल २०२५ पासून २१.१७. आता उलट दिशेने फायदा आहे, पण लिटरला दोन-सव्वादोन रुपयांचाच. ट्रकच्या तीनशे लिटरच्या टाकीला तो जाणवतो, घरच्या गाडीला फारसा नाही.

वाकडी वाट करायची की नाही, हे कागदावर मांडून बघा: दरातला फरक गुणिले भरायचे लिटर, भागिले गाडीचा किलोमीटरमागचा इंधनखर्च. येतील तेवढे किलोमीटर जाऊन-येऊन परवडतात, त्यापुढे तोटा. स्कूटरमध्ये ४ लिटर बसतात, फरक ७ रुपये धरला तर वाचले २८. ४५ चं अ‍ॅव्हरेज असेल तर किलोमीटरला सव्वादोन रुपये जातात, म्हणजे जाऊन-येऊन साडेबारा किलोमीटर. बांद्याच्या माणसाला जमेल, सावंतवाडीच्या नाही. १५ चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या कारमध्ये ३० लिटर भरले तर २१० रुपये वाचतात, पण किलोमीटरला साडेसहा रुपये जातात. मर्यादा बत्तीस किलोमीटर, तीही दोन्ही वाटा मिळून. डिझेल एसयूव्हीसाठी हाच हिशेब पंधरा किलोमीटरवर संपतो. वेळ आणि टायर यात धरलेलेच नाहीत.

मुंबई-कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी सिंधुदुर्गात टाकी फुल्ल करू नये. पत्रादेवी ओलांडण्यापुरतं ठेवावं आणि पुढे पेडणे तालुक्यात हायवेवर भरावं. परतताना उलटं: सीमेआधी गोव्यातच टाकी फुल्ल करावी. दोडामार्गवाल्यांना सीमा दारातच आहे, त्यांना हे शिकवायला नको. बेळगावहून चोर्ला घाटाने येत असाल तर मात्र काटकसर बाजूला ठेवा. जांबोटी सुटली की जंगल आणि घाट, त्या वाटेवर टाकीत काटा तळाला टेकवून गाडी हाकण्यात अर्थ नाही. अनमोड घाटालाही तेच: रामनगरला काटा बघा, मोल्यापर्यंत आशेवर राहू नका.

फुल्ल म्हणजे नोझल पहिल्यांदा कट होईल तिथपर्यंत. ‘अजून दीडशेचं बसेल’ म्हणत पंपवाला गाडी हलवून-हलवून गळ्यापर्यंत भरतो, तेव्हा जादा पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये (टाकीतली वाफ शोषणाऱ्या डब्यात) शिरतं. तो एकदा भिजला की गाडी गरम असताना चालू व्हायला कुरकुर करते, पेट्रोलचा वास येतो, आणि नवा कॅनिस्टर दोन-चार रुपयांच्या फरकात वसूल होत नाही.

सीमेजवळच्या पंपांवर शनिवार-रविवारी रांग असते आणि घाईत चुकतं ते इथेच. झीरो सगळेच बघतात, शेजारचा लिटरचा दर कुणी बघत नाही. ‘साधं की पॉवर?’ असा प्रश्न न विचारताच प्रीमियमचं नोझल लागलं तर सीमा ओलांडून मिळवलेला फरक बराचसा तिथेच गेला. साध्या इंजिनाला त्याचा उपयोगही नाही. पाचशेऐवजी ५१० चं भरलं की फसवणूक होत नाही, हा मात्र भ्रम: मशीन लिटर मोजतं, रुपये नाही.

मापाची शंका आली तर वजनमाप खात्याचं सील असलेलं ५ लिटरचं माप मागा. ते आधी पेट्रोलने ओलं करून रिकामं करायचं आणि मग भरायचं, नाहीतर भांड्याला चिकटलेलं पेट्रोल कमी दिसतं. २५ मिलीपर्यंतची तफावत चालते, त्याहून जास्त तूट असेल तर तक्रार करा. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा. नोझलचं तोंड पुसून एक थेंब पाडायचा. दोन मिनिटांत उडून गेला तर ठीक, डाग राहिला तर काळंबेरं आहे. तोंड न पुसता पाडलेल्या थेंबाचा डाग पुरावा नाही. डेन्सिटी पेट्रोलला १५ अंशांवर ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटरच्या दरम्यान हवी, आणि सकाळी नोंदवलेल्या आकड्यापासून तीनपेक्षा जास्त फरक नको.

पावसाळ्यात खरा धोका पाण्याचा. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं तर इथेनॉल-पाण्याचा थर तळाशी बसतो आणि पंप नेमका तळातून खेचतो. गाडी पंपातून बाहेर पडून थोड्या अंतरावर आचके देत बंद पडली तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. टाकीतलं थोडं काचेच्या बाटलीत काढा, दोन थर दिसले की बिलासकट पंपावर परत जा. बिल नसेल तर वाद तिथेच संपतो, म्हणून या चार महिन्यांत ते घ्याच.

आता बाटलीतलं पेट्रोल. किनारपट्टीत भाड्याची स्कूटर काटा लाल रेघेवर ठेवूनच हातात पडते आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावर पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल मांडलेलं असतं. दर पंपापेक्षा चढा, बाटली गळ्यापर्यंत भरलेली नाही, आत काय मिसळलंय याचा पत्ता नाही. अगदीच अडलात तर जवळच्या पंपापर्यंत पोचण्यापुरतं अर्धी बाटली घ्या, टाकी त्यावर भरू नका.

कॅन घेऊन सीमेवर जाणाऱ्यांसाठी: विकण्यासाठी नसेल तर पेट्रोल परवान्याविना जास्तीत जास्त ३० लिटर बाळगता येतं, तेही धातूच्या भांड्यात असेल तर एका भांड्यात २५ पर्यंतच. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पंपवाल्याने नकार दिला तर तो नियमाने वागतोय, त्याच्याशी हुज्जत घालू नका.