चाकाची पिशवी आणि चाळीस प्रती: आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, कारण लोक तारे बघतात आणि पुढे सरकतात. पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा चाकांनी घालवला, एक तारा नाशिकच्या रस्त्यांनी.

वस्तू म्हणजे भाजी आणायला वापरतात ती उभी, घडीची, दोन चाकांची पिशवी. निळी, वर पांढरे ठिपके. फेब्रुवारीत ऑनलाइन मागवली, १,१५० रुपये पडले. कंपनीने ती मेथी-कोथिंबिरीसाठी केलेली आहे, मी तिच्यातून कथासंग्रह वाहते. त्यामुळे भाजी किती ताजी राहते वगैरे माहिती हवी असेल तर दुसरा रिव्ह्यू शोधा.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही. माझं नवं पुस्तक डेमी आकाराचं, १९२ पानांचं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक प्रत २२८ ग्रॅम भरली. चाळीस प्रती म्हणजे नऊ किलोच्या वर. रिकामी पिशवी पावणेदोन किलोची. त्यात पाण्याची बाटली, छत्री, सहीची दोन पेनं आणि सुट्ट्या पैशांचा डबा धरला, तर घराबाहेर पडताना मी साडेअकरा किलो ओढत असते.

लेखिकेने का ओढायचं, असं विचाराल. आवृत्ती ५०० प्रतींची. लेखकप्रती पंधरा मिळाल्या, त्या पहिल्या आठवड्यात नातेवाइकांत संपल्या. पुढच्या दीडशे मी ४० टक्के सवलतीत स्वतःच विकत घेतल्या. थोडक्यात, माझ्या पुस्तकाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मीच. प्रकाशक पुण्यात बसतो आणि कथांमधली माणसं नाशिकच्या पंचवटी, सातपूर, द्वारका इथली. पुस्तक त्यांच्यापर्यंत न्यायला पुण्याहून कोणी येणार नाही. याआधी २०२१ च्या डिसेंबरात आडगावला ९४वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा पहिल्या पुस्तकाचे दोन झोळे दोन खांद्यांना अडकवून मी तीन दिवस हिंडले. नंतर उजव्या खांद्याच्या फिजिओथेरपीला जेवढे पैसे गेले, तेवढी त्या पुस्तकाची रॉयल्टी अजून यायची आहे. म्हणून चाकं.

सपाट रस्त्यावर पिशवीला नाव ठेवायला जागा नाही. कॉलेज रोडच्या चांगल्या फुटपाथवर तर एका बोटाने येते. सिटीलिंकच्या बसमध्ये दोन गुडघ्यांच्या मध्ये नीट बसते, शेजारच्याला लागत नाही. टिळक पथावर सावानात, म्हणजे आपल्या १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालयात, कार्यक्रमाला नेली तेव्हा कोणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. तिथे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या हातात पुस्तकांची पिशवी असतेच.

पण ‘नाशिक नव टेकांवर वसवलं’ ही म्हण लहानपणापासून ऐकत आले होते, तिचा अर्थ या चाकांनी समजावला. जुन्या गावात शिरा, डिंगर आळीकडे वळा, की चढ लागतो, मग उतार, मग परत चढ. चढावर मी पिशवीला ओढते, उतारावर ती मला. पिशवीला ब्रेक नाही. भाजी आणणाऱ्या बायकांना बहुधा लागत नसेल, त्यांच्या पिशवीचं वजन घराकडे येताना वाढतं आणि घर जवळ असतं. माझी पिशवी जाताना जड असते आणि येताना, खरं सांगायचं तर, जवळजवळ तेवढीच.

सगळ्यात मोठी फजिती गोदाघाटावर झाली. मे महिन्यात देवमामलेदार पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते. ऐकायला जाणारच होते, म्हटलं दहा-पंधरा प्रती सोबत असू द्याव्यात. घाटाच्या दगडी फरशीवर या चाकांचा जो खडखडाट होतो, तो ऐकून पटांगणातल्या शेवटच्या तीन रांगांतली माणसं एकदम मागे वळून बघायला लागली. वक्ते बिचारे थांबले नाहीत. पुढची वीस पावलं मी पिशवी कडेवरच्या मुलासारखी उचलून नेली. चाकांना नुसती रबराची पातळ पट्टी आहे, आत कडक प्लास्टिक. हा पहिला दोष.

दुसरा दोष जुलैत कळला. पावसात मेन रोडवर डावं चाक निसटलं आणि एकटंच पुढे गेलं. एका कापड दुकानाच्या पायरीवर बसलेल्या आजोबांनी ते छत्रीच्या टोकाने अडवलं, नाहीतर गटारात गेलं असतं. कंपनीला मेल केली. नवव्या दिवशी उत्तर आलं की वजनमर्यादा २५ किलो आहे हे खरं, मात्र ‘पुस्तके’ हा शब्द शिफारस केलेल्या वापराच्या यादीत नाही. मी ते उत्तर छापून ठेवलंय, पुढच्या कथेत कामाला येईल. शेवटी भद्रकालीतल्या एका सायकलवाल्याने वायसर घालून कॉटर पिन ठोकून दिली. साठ रुपये. त्यानंतर चाक हललेलं नाही. विकत घेणार असाल तर हे साठ रुपये किमतीत धरूनच घ्या.

तिसरी गोष्ट दोष म्हणावी की नाही, मी अजून ठरवलेलं नाही. पिशवी वरून उघडते. म्हणजे कार्यक्रम संपल्यावर मी वाकून आत हात घालते आणि बटाटे काढावेत तसं एकेक पुस्तक काढते. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या वाढदिवशी, मराठी लेखकाला नाशिकमध्ये जेवायलाही वेळ मिळत नाही. मला त्या दिवशी तीन कार्यक्रम होते. तिसऱ्या ठिकाणी एका ओळखीच्या बाईंनी लांबूनच विचारलं, “काय गं, मेथी कशी दिलीस?” सभागृह हसलं, आणि त्या हशातच नऊ प्रती गेल्या. त्याआधीच्या दोन कार्यक्रमांत मी मान ताठ ठेवून गंभीरपणे बसले होते, तिथे एक गेली होती, तीही ‘भेट प्रत ना?’ म्हणून. तेव्हापासून पिशवी टेबलाखाली लपवत नाही. मुलीने यूपीआयचा क्यूआर कोड छापून वरच्या झाकणाला सेलोटेपने चिकटवून दिलाय. झाकण उघडलं की तो आत जातो आणि लोक पैसे द्यायला थांबून राहतात. चिकटवणार असाल तर पुढच्या बाजूला चिकटवा.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या मी पाहिल्या आहेत. पेट्या भरून पुस्तकं, आणि त्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही जातात. त्या पेट्यांसमोर आपण चाळीस प्रतींचं रडगाणं गाऊ नये, हे कळतं. तरी खांदा खांदाच असतो.

आता सिनेमा. वहिनी आणि मी महिन्यातून एकदा सकाळच्या खेळाला जातो, आठवड्याच्या मधल्या वारी, तिकीट स्वस्त असतं तेव्हा. एप्रिलमध्ये सिनेमानंतर लगेच एका वाचन मंडळात जायचं होतं, म्हणून पिशवी सोबत. शहरातल्या एका मल्टिप्लेक्सच्या दारात सुरक्षा रक्षकाने झाकण उघडलं. वरचं पुस्तक काढलं, बघितलं. खालचं काढलं. तेच. तिसरं काढलं. तेच.

“मॅडम, सगळी एकच आहेत.”

“हो.”

“सगळी तुम्ही वाचणार?”

वहिनी मागून म्हणाली, “अहो, वाचणार कशाला, लिहिलंय यांनीच.” मुलाने मलपृष्ठावरचा फोटो बघितला, मग मला बघितलं. फोटो सात वर्षांपूर्वीचा आहे. त्याची खात्री पटलेली दिसली नाही. खाण्याचं काही आहे का म्हणून त्याने तळापर्यंत हात घातला, आणि प्रकाशकाला पाठवायला घेतलेला कोंडाजीचा चिवडा नेमका बाहेरच्या कप्प्यात सापडला. चिवडा आणि पिशवी दोन्ही टोकन देऊन काउंटरवर ठेवून घेतली. टोकनचा नंबर हरवला तर शंभर रुपये दंड, असं तिथे लिहिलेलं. अख्खा सिनेमाभर मी टोकन मुठीत धरून बसले, त्यामुळे नायिकेने शेवटी नेमकं काय ठरवलं ते वहिनीकडूनच ऐकलं. मध्यंतरात वहिनीने पॉपकॉर्नचा भाव विचारून आल्यावर हिशोब केला, “ताई, तुमच्या दोन प्रती विकल्या की मोठा डबा येतो.” मी म्हटलं, सवलत काढली तर दोनही पुरणार नाहीत. आम्ही चहा घेतला.

बाहेर पडताना उगाच फाळके आठवले. या गावात दादासाहेबांनी चित्रपट काढले, आणि त्यांच्या एका चित्रपटाच्या गल्ल्याची नाणी बैलगाड्यांतून न्यावी लागली होती अशी गोष्ट सांगतात. माझ्या गल्ल्याला बिस्किटाचा जुना डबा पुरतो, आणि हल्ली यूपीआयमुळे तोही रिकामाच. पिशवी परत घेताना त्या मुलाने विचारलं, “यात भुताची गोष्ट आहे का?” एक आहे, म्हटलं. अर्धी भुताची. तो म्हणाला, अर्धी नको.

मिसळीबद्दल लिहिल्याशिवाय नाशिककराचा कुठलाच रिव्ह्यू पूर्ण होत नाही, पण इथे ती पिशवीच्या परीक्षेचा भाग आहे. जूनच्या एका रविवारी भाऊ, वहिनी आणि मी गंगापूर धरणाच्या बाजूला एका मळ्यातल्या मिसळीला गेलो. तिथून पुढे एका शाळेत कार्यक्रम होता. अशा ठिकाणी रविवारी काय होतं ते माहीतच आहे तुम्हाला. वहीत नाव लिहायचं, बाकड्यावर बसायचं, माइकवरून पुकारा होईपर्यंत दुसऱ्यांच्या ताटांकडे बघायचं. पन्नास मिनिटांनी टेबल मिळालं. मटकीवर फरसाण, कांदा, बाजूला पापड, दही, लिंबू, पाव, रस्सा छोट्या बादलीत आणि तर्री वेगळ्या वाटीत. काळ्या मसाल्याची, जिभेला आधी गोडसर लागून मग मागून येणारी. भावाने “अजून तर्री आण रे” म्हटलं आणि पोरगा बादली घेऊन धावत आला.

इथे चौथा दोष. ही पिशवी सरळ उभी राहत नाही, मागे रेलते आणि चाकांचा पाय पुढे काढते. पोरगा त्या पायाला अडखळला. पळीभर तर्री झाकणावर.

मी आधी झाकण उघडलं, पोराकडे नंतर बघितलं, याची आता लाज वाटते. पण आतलं अस्तर रेक्झिनचं आहे, एका प्रतीलाही थेंब लागला नव्हता. या अस्तराला मी पूर्ण तारा देते. पोराला काही भाजलं नव्हतं. मालक धावत आले, माफी मागितली, चहाचे पैसे घेतले नाहीत.

डागाबद्दल थोडं सविस्तर, कारण हा माझा विषय. तर्रीत मिरचीचा रंग आणि हळदीचा रंग, दोन्ही तेलात विरघळलेले. त्यावर पाणी मारलंत तर डाग फक्त फिरायला जातो. आधी बेसन दाबून तेल शोषून घ्या, अर्धा तास तसंच ठेवा, मग भांड्याचा द्रव साबण. कपड्याची साबणवडी चुकूनही घासू नका, अल्कली लागली की हळद लालभडक होते. अकरावीच्या मुलांना हा प्रयोग मी दरवर्षी दाखवायचे आणि दरवर्षी कोणीतरी ‘मॅडम, रक्त!’ असं ओरडायचं. शेवटी ऊन. हळदीचा रंग उन्हात उडतो. जूनमध्ये नाशिकला ऊन कुठलं, त्यामुळे माझ्या पिशवीवर नारिंगी कडेचा एक गोल राहिलाच. पांढऱ्या ठिपक्यांत तो आता एक ठिपका म्हणून खपतो.

निघताना मालकांना म्हटलं, लोक इथे तासभर बाकड्यावर बसतात, दोन प्रती ठेवू का? विकायला नाही, वाचायला. त्यांनी वहीशेजारी जागा करून दिली.

सप्टेंबरात परत गेलो. एक प्रत गायब होती, ती कोणी नेली असेल तर मला आनंदच आहे. दुसरी बाकड्यावर होती, कोपरे मऊ पडलेली. चाळून बघितली. जवळजवळ प्रत्येक पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तर्रीचा बोटाचा ठसा, काही मोठे, काही लहान मुलाचे वाटावेत असे. पान ६१ पर्यंत. ६२ पासून पुढे सगळं कोरं.

मी तिथेच उभ्याउभ्या बघितलं. कथा ६४ व्या पानावर संपते. तेवढ्यात माइकवर आमचं नाव पुकारलं.