ड्रॅग रेससाठी ऑटोमॅटिक की मॅन्युअल? ड्रायव्हरचा कस नक्की कुठे लागतो ते बघा

"ऑटोमॅटिकमध्ये काय, ॲक्सिलरेटर दाबायचा आणि बसून राहायचं" असं म्हणणारे भरपूर भेटतात, त्यांना एकदा अमेरिकेतल्या एखाद्या ड्रॅग स्ट्रिपवर ब्रॅकेट रेस बघायला बसवा (यात प्रत्येकाने आपला वेळ आधी जाहीर म्हणजे डायल करायचा, आणि हळू गाडीला त्या फरकाएवढं आधी सोडतात). तिथे ऑटोमॅटिक गाड्याच जास्त, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांत जनरल मोटर्सचा दोन गिअरचा पॉवरग्लाइड गिअरबॉक्स, जो 1950 ला आला आणि 1973 ला कंपनीने बंद केला पण रेसवाले काही सोडायला तयार नाहीत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं वाटेल. पाव मैलाचा म्हणजे 402 मीटरचा वेळ मोजणारं घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही, तुमचं पुढचं चाक स्टेजच्या, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. म्हणजे हिरव्यावर दोन सेकंद झोपलात तरी वेळेच्या छापील स्लिपवर वेळ छानच दिसेल, फक्त रेस हरलेली असेल. रिॲक्शन टाइम वेगळा मोजतात. त्यामुळे गाडी लवकर पोचवणं आणि रेस जिंकणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मॅन्युअल-ऑटोमॅटिकचा वाद घालणारे अर्धे लोक इथेच गल्लत करतात.

मॅन्युअलमध्ये कसब हातापायात. क्लच धपकन सोडला तर चाकं जागेवर फिरतात किंवा टायरने पकड घेतली तर इंजिनच बसतं, हळू सोडला तर क्लच जळतो, वास येतो आणि वेळ जातो ते वेगळंच. आणि टायर, हवा, डांबर बदललं की तो मधला बिंदू पण सरकतो! मग पुढे दोन-तीन शिफ्ट, प्रत्येक शिफ्टला चुकायची संधी. ड्रॅग रेसर रॉनी सॉक्सला अमेरिकेत मिस्टर फोर स्पीड म्हणायचे ते उगाच नाही, आणि प्रो स्टॉक या व्यावसायिक क्लासमध्ये आजही क्लच आणि पाच गिअरच चालतात. बघायला, चालवायला मजा हीच जास्त, याबद्दल माझं दुमत नाही.

ऑटोमॅटिकमध्ये हे सगळं काम टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा भाग) आणि गिअरबॉक्स करतात, मग ड्रायव्हरला उरतं काय? उरतो तो दिव्यांचा खांब. ब्रॅकेटमध्ये तीन पिवळे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात, शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. हिरवा बघून निघालात तर उशीर झालाच, शेवटचा पिवळा दिसताक्षणी सोडायचं असतं, कारण गाडी हलून किरणातून चाक बाहेर पडेपर्यंत तेवढा वेळ जातोच. एक हजारांश सेकंद लवकर गेलात तरी लाल दिवा, बहुतेक वेळा घरी.

फुटब्रेकवाल्यांचं काम त्याहून नाजूक. डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर, इंजिन कन्व्हर्टरच्या स्टॉलजवळ (गाडी उभी असताना इंजिन जास्तीत जास्त जितक्या आरपीएमला जातं तिथे) नेऊन धरायचं. जास्त दिलंत तर ब्रेकला न जुमानता गाडी पुढे सरकते, कमी दिलंत तर सुटताना मंद. शिवाय दर वेळी तेवढेच आरपीएम आणि किरणात चाक तेवढंच आत, नाहीतर रिॲक्शन टाइम हलतो. ट्रान्सब्रेक (गिअरबॉक्स अडवून गाडी जागेवर धरणारी सोय) असेल तर स्टिअरिंगवरचं बटण सोडलं की गाडी सुटते, वर डिले बॉक्स असला तर पहिल्याच पिवळ्यावर बटण सोडायचं, बाकीचं थांबणं बॉक्स करतो. ही फसवणूक वाटते खरी, पण समोरच्याकडेही तेच असतं, म्हणून लढाई हजारांशांवर येते आणि अंगठा थरथरला की संपलं.

हिशोबच करून बघा. तुम्ही 13.50 डायल केलंत, पळालात 13.52, रिॲक्शन 0.040, एकूण 0.060 जादा. समोरचा 12.20 डायल करून 12.21 पळाला, रिॲक्शन 0.090, एकूण 0.100. त्याची गाडी 1.3 सेकंदांनी जास्त वेगवान असूनही जिंकलात तुम्ही. आणि तो डायलपेक्षा कमी वेळात गेला असता तर ब्रेकआउट, म्हणजे हार, म्हणून शेवटच्या शंभरेक फुटांत शेजारच्या लेनकडे बघत ब्रेकला टपली मारायची का नाही हे क्षणात ठरवायचं, जे मॅन्युअलवाल्यालाही करावं लागतं, फक्त त्याला आपल्या गाडीचा वेळ इतका नेमका ठाऊक नसतो, कारण प्रत्येक शिफ्ट थोडी वेगळी पडते.

आता डबल क्लच ऑटोमॅटिकवाले, म्हणजे ऑक्टाव्हिया आरएस वगैरे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन या ड्रॅग स्पर्धेला अशा गाड्या दिसतात. लाँच कंट्रोल लावला की सुरुवात आणि शिफ्ट दोन्ही गाडीच बघते, त्यामुळे जिथे फक्त सर्वात कमी वेळ मोजतात तिथे ड्रायव्हरपेक्षा ट्यून, टायर आणि गिअरबॉक्सचं तापमान महत्त्वाचं. इथे "बसून राहायचं" हा टोमणा थोडा लागू पडतो, मान्य. ब्रेक-ॲक्सिलरेटर एकत्र दाबून फुटब्रेकची हौस मात्र या गिअरबॉक्सवर करू नका, क्लच तापतात.

(2018 च्या डॉज डीमनमध्ये तर कंपनीनेच ट्रान्सब्रेक दिला, 9.65 सेकंद, आणि रोल केज (उलटल्यास वाचवणारा लोखंडी सांगाडा) नाही म्हणून एनएचआरएने, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेने, तशीच्या तशी पळवायला मनाई केली. हसावं की रडावं!)

तर घ्यायचं काय? राउंड जिंकायचे असतील तर डोळे मिटून कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, आणि पहिला सीझन फुटब्रेकवरच काढा, बॉक्स नंतर. हाताने गिअर टाकल्याशिवाय चैन पडत नसेल तर मॅन्युअल घ्या, पण क्लच प्लेटचं बजेट बाजूला ठेवा आणि डायल थोडा सैल ठेवायची, म्हणजे वेळ जरा जास्तच जाहीर करायची सवय लावा. दोन्हीपैकी काहीही घेतलंत तरी पहिल्या टेस्ट नाइटला स्लिपवर शेवटचा वेळ बघायच्या आधी वरचे दोन आकडे बघा, रिॲक्शन आणि पहिल्या 60 फुटांचा वेळ, त्यातूनच कळतं की गडबड तुमची आहे का गाडीची.