उन्हाळ्याच्या हंगामाची नोकरी: मोहर्ली की मुक्की?

जंगलातल्या लॉजवर मार्च ते जून काम करायचं ठरवलेल्या पोरापोरींचे दोन प्रश्न ठरलेले असतात: पगार किती, आणि ताडोबा की कान्हा? पहिल्याचं उत्तर मालक देईल. दुसऱ्याचं मी देऊन बघतो, कारण दोन्हीकडे हंगाम काढलेत. ताडोबात मोहर्ली गेटजवळ, मध्य प्रदेशातल्या कान्हात मुक्की गेटजवळ. काम दोन्हीकडे जवळपास तेच. पाहुण्यांना उतरवून घ्यायचं, सफारीच्या वेळा सांभाळायच्या, जेवताना गप्पा मारायच्या, मधूनमधून जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, जायचं. पुढे कोअर म्हणेन तो जंगलाचा आतला, जास्त जपलेला भाग, आणि बफर म्हणजे त्याभोवतीचा पट्टा.

आधी ऊन. चंद्रपूरचा मे महिना विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पारा ४५-४६ च्या पुढे जातो आणि रात्री जेवणं आटोपली तरी खोलीची भिंत हाताला गरमच लागते. मुक्कीही काही थंड हवेचं ठिकाण नाही, दुपारी तिथेही चाळिशी ओलांडतेच. पण रात्र उतरते. एप्रिलच्या पहाटे मैदानातून जिप्सी निघाली की पाहुणे पांघरूण मागतात. शिवाय तिथलं साल वृक्षांचं जंगल ऐन उन्हाळ्यात हिरवंगार असतं, आणि मोहर्लीकडचा साग तोवर पानं झाडून उभा. चार महिने राहायचं म्हटलं की डोळ्यांना याचा फरक पडतो. निदान मला पडला.

पण त्याच उघड्या सागाचा फायदाही आहे. पानं नाहीत, पाणवठे मोजके, त्यामुळे ताडोबात उन्हाळ्यात वाघ दिसतो, आणि बराच दिसतो. कान्हात वाघ कमी आहेत असं समजू नका. २०२२ च्या गणनेत कान्हात १०५ आणि ताडोबात ९७ वाघ मोजले होते. फक्त कान्हाचं कोअर मोठं, गवत उंच, साल दाट. वाघ असतो, तुमच्यासमोर येईलच असं नाही. तुम्हाला स्वतःला वाघ बघायचे असतील, फोटोंचा नाद असेल, तर इथेच थांबा आणि मोहर्लीला अर्ज करा. यात वाद नाही.

आता ज्यावरून माझं मन फिरलं ती गोष्ट. मोहर्ली नागपूरहून तीनेक तासांवर. त्यामुळे पाहुणा येतो तो एका रात्रीसाठी. दुपारी साडेबाराला गाडी लागते, घामाघूम मंडळी उतरतात, तीनची सफारी गाठायची म्हणून जेवण अर्ध्या तासात उरकायचं, कुणाचं ओळखपत्र घरी राहिलेलं असतं. कोअरमध्ये मोबाइल न्यायला बंदी, तेव्हा सगळ्यांचे फोन गोळा होऊन माझ्याकडे. संध्याकाळी परत, जेवण, पहाटे चारला दारावर टकटक, साडेनऊ-दहाला पुन्हा परत, नाश्ता, अकराला चेक-आउट. साडेबाराला पुढची गाडी. मधल्या दीड तासात चादरी, कूलरचं पाणी आणि तुमचा स्वतःचा घास.

धावपळीची तक्रार नाही, ती हंगामात सगळीकडे असते. तक्रार अशी की एका रात्रीचा पाहुणा जंगल बघायला येतच नाही, येऊ शकत नाही. त्याच्याकडे दोन फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत वाघ दिसला नाही की जेवणाच्या टेबलावर मंडळी गप्प. मग कुणीतरी विचारतं, "उद्या तरी दिसेल ना?" दुसरीतही नाही दिसला तर बॅगा भरताना जणू वाघ मीच कुठेतरी बांधून ठेवलाय अशा नजरेने बघतात. त्यांनाही दोष कसा द्यायचा? सुट्टी एकच, पैसे घसघशीत गेलेले, मुलांना वाघ दाखवायचं कबूल केलेलं. पण मोहाखाली अस्वलाचे ओरखडे दाखवावेत, नवरंग पक्षी ओरडतोय तो ऐकवावा, तर समोरचं लक्ष घड्याळाकडे. मे महिन्याच्या मध्याला मला जाणवलं की मी रोज संध्याकाळी तीच पाच वाक्यं तशीच्या तशी बोलतोय, आणि कालच्या पाहुण्यांतल्या एकाचंही नाव मला आठवत नाही.

मुक्कीला हे आपोआप बदलतं, त्यात माणसांचा मोठेपणा काही नाही. रस्ता लांब, एवढंच. नागपूरहून पाच-सहा तास, गोंदियाकडून आलात तर बालाघाट, बैहर करत. एवढं हाल काढून आलेला माणूस तीन रात्री राहतो. पहिल्या दिवशी त्यालाही वाघच हवा असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो व्हरांड्यात बसून विचारतो, ही मैदानं इतकी सपाट कशी? मग सांगता येतं की इथे गावं होती, ती हलवली आणि शेतांच्या जागी गवत आलं. त्या गवतावर बारशिंगा हरीण जगलं. १९७० मध्ये अवघे ६६ उरले होते, आज मैदानात कळपच्या कळप दिसतात. हे ऐकलेला पाहुणा संध्याकाळी बारशिंगा बघून आल्यावर मला येऊन सांगतो, मी विचारायच्या आधी. तिसऱ्या दिवशी घरातल्या बाई स्वयंपाकघरात येऊन कुटकी या भरडधान्याची खीर कशी करतात ते बघत असतात. वाघ दिसलेला असतो किंवा नसतो. पाहुणचार करतोय असं मला तिथे वाटलं, मोहर्लीला मी वेळापत्रक चालवत होतो.

मुक्कीचे त्रास आहेतच. सकाळची फेरी लांब, नाश्ता बरोबर बांधून द्यावा लागतो, म्हणजे स्वयंपाकघर पहाटे तीनला पेटतं आणि अंडी उकडायला कधीकधी तुम्हीच. फोनची रेंज येते-जाते. दवाखान्यासाठी बैहर गाठावं लागतं, आणि तो पट्टा मलेरियाचा आहे, मच्छरदाणी घरून न्या. बोलणं हिंदीत, पण बालाघाट जिल्ह्यात पोवार मंडळी बरीच, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मराठी छान येते. आमचा आचारी त्यातलाच होता, म्हणून मला परकं वाटलं नाही. जूनच्या पहिल्या वळवानंतर जेवणाच्या दिव्यावर पंखवाल्या वाळवीचा असा लोट येतो की दिवे मालवून जेवायला लागतं. (हे मोहर्लीलाही होतं, पण तिथले पाहुणे जास्त ओरडतात.)

सुट्टीच्या बाबतीत मोहर्ली सरळ पुढे आहे. ताडोबा मंगळवारी पूर्ण बंद, कान्हा फक्त बुधवारी दुपारी. आख्खा दिवस झोपायला मिळणं ही मे महिन्यात साधी गोष्ट नाही. माणसं जास्त म्हणून बक्षिशीही मोहर्लीला जास्त. आणि ३० जूननंतर कान्हाचं कोअर बंद झालं की मुक्कीचे बरेच लॉज कुलूप लावतात. ताडोबाच्या बफरमध्ये पावसाळ्यातही फेऱ्या चालतात, तेव्हा काम पुढे चालू राहू शकतं. घरी हप्ता भरायचा असेल तर हा मुद्दा माझ्या सगळ्या गप्पांपेक्षा मोठा.

तुमचा लॉज वेगळा असू शकतो. मोहर्लीतही दोन रात्रींपेक्षा कमी बुकिंग न घेणारे मालक असतील, मुक्कीतही शनिवार-रविवारची झुंबड होतेच. म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा खोली, जेवण, पगार यांच्याबरोबर एवढंच विचारा: तुमच्याकडे पाहुणा सरासरी किती रात्री राहतो? उत्तर दोनच्या खाली असेल तर मोहर्ली असो की मुक्की, पगाराची बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.