ड्रूल्स: तास-मिनिटं पक्की, महिना मात्र आपला आपण सांभाळा

रूल इंजिन (धंद्याचे नियम मुख्य कोडपासून वेगळे लिहून चालवणारं सॉफ्टवेअर) घेताना सगळे स्पीड बघतात, पण "बिल निघाल्यापासून महिन्याभरात पैसे आले नाहीत तर दंड" असला रूल समोर आला की खरी कसोटी लागते. ड्रूल्सला (जावावालं, ओपन सोर्स) या बाजूने मार्क द्यायचे तर दोन वेगळे द्यावे लागतील.

तास-मिनिटांत काही बोलायलाच नको. एक इव्हेंट दुसऱ्यानंतर साडेतीन ते चार मिनिटांत यायला हवा, हे आफ्टर ऑपरेटरने एका ओळीत लिहून होतं, बिफोर, ड्युरिंग, ओव्हरलॅप्स वगैरे धरून ॲलनचे (दोन कालावधींचं आपसातलं नातं सांगणारे) तेराच्या तेरा ऑपरेटर आहेत, आणि टेस्टिंगला स्यूडो क्लॉक, म्हणजे घड्याळ आपणच पुढे ढकलायचं, दोन दिवसांचा रूल तपासायला दोन दिवस बसून राहायला नको. नुसत्या यासाठी घेतलं तरी वसूल.

पण युनिट कोणती? दिवस, तास, मिनिट, सेकंद, मिलिसेकंद. बस्स. महिना नाही, वर्ष नाही. दिवस म्हणजेही सरळ २४ तास, आता ज्या टाइमझोनमध्ये घड्याळं पुढेमागे करतात तिथे वर्षातला एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ चा असतो, त्याचं इंजिनाला सोयरसुतक नाही. मग लोक महिना म्हणून ३० दिवस ठोकून देतात आणि फेब्रुवारी आला की बोंब.

रूलवर लावायचं कॅलेंडर्स ॲट्रिब्यूट आहे, नाही असं नाही. क्वार्ट्झचं (जावातली शेड्यूलिंगची लायब्ररी) कॅलेंडर सेशनला, म्हणजे रूल ज्यात चालतात त्याला, जोडा, रूलवर त्याचं नाव टाका, की सोमवार ते शुक्रवारचा रूल वेगळा आणि शनिवार-रविवारचा वेगळा चालतो. छान आहे, पण ते फक्त "आत्ता चालू की नको" एवढंच ठरवतं, पाच वर्किंग डे मोजून तारीख काढून देत नाही.

डेट-एक्स्पायर्स (रूल कधी बंद होणार ती तारीख) वापरणार असाल तर जरा जपून. नुसती ३१ मार्च लिहिली तर ती रात्री बाराची, म्हणजे ३१ सुरू होतानाची धरली जाते, आणि ऑफरचा शेवटचा अख्खा दिवस हातचा जातो!! १ एप्रिल लिहा.

त्यामानाने ड्रूल्समधलंच डीएमएन (निर्णय तक्त्यांत-आकृत्यांत मांडायचं स्टँडर्ड) बरंच शहाणं आहे. त्याच्या फील या एक्स्प्रेशन भाषेमध्ये वर्ष-महिन्यांचा कालावधी आणि दिवस-तासांचा कालावधी हे दोन टाइपच वेगळे, त्यामुळे महिना आणि ३० दिवस यांची गल्लत होत नाही. डीआरएलमध्येच (ड्रूल्सची रूल लिहायची भाषा) राहायचं असेल तर ड्यू डेट बाहेर जावा टाइमने (जावाची तारीख-वेळेची लायब्ररी) काढा आणि फॅक्ट, म्हणजे रूलने तपासायची माहिती, म्हणून आत सोडा, रूलने फक्त तारीख उलटली का ते बघायचं. आणि हप्ते काढताना दर वेळी मूळ तारखेपासून मोजा, मागच्या हप्त्यापासून नको, कारण ३१ जानेवारीत महिना मिळवला की २८ फेब्रुवारी (लीप वर्षात २९) येते, तिच्यात परत महिना मिळवला की २८ मार्च, आणि मग ती ३१ काही परत येत नाही.