खुर्ची बोर्डावरची घ्यावी, की समितीतली?

इमारतींची मानकं ठरवणाऱ्या एखाद्या संस्थेनं ऊर्जा बचतीसाठी झगडणाऱ्या माणसाला संचालक मंडळावर, म्हणजे बोर्डावर, बोलावलं, की लोक आधी अभिनंदन करतात आणि मग विचारतात, तिथे काम काय असतं? खरं तर हे होकार देण्याआधी विचारायला हवं. त्याच संस्थेत तांत्रिक समितीचीही खुर्ची असते, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एचव्हीएसी (इमारतीतली हवा गरम-थंड आणि खेळती ठेवणारी यंत्रणा), इन्सुलेशन, एनर्जी मॉडेलिंग यांत मुरलेल्या मंडळींसाठी, मग ती अमेरिकेत असोत की पुण्यात, हा हिशेब मांडतोय.

समितीत कलमं घडतात. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल कोड कौन्सिलचा, म्हणजे आयसीसीचा, ऊर्जा कोड घ्या, म्हणजे इमारतींत ऊर्जा वाचवण्याची नियमावली. थंड भागातल्या घरांच्या छतात इन्सुलेशन किती हवं? 2018 च्या आवृत्तीत आर-49 (आर-व्हॅल्यू म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता; आकडा मोठा तेवढं इन्सुलेशन जास्त), 2021 मध्ये आर-60, 2024 मध्ये पुन्हा आर-49. तक्त्यातल्या एका चौकोनातला आकडा, पण माळ्यावर किती जाड थर पडणार ते त्यावरून ठरतं. अशा आकड्यांवर रात्री जागून वाद घालायला आवडत असेल, तर बोर्डावर तुमचा जीव रमणार नाही. तिथे बजेट, धोरण, नेमणुका आणि अपिलं चालतात. आर-व्हॅल्यूचा विषय सहसा निघत नाही.

पण म्हणून बोर्ड शोभेचं समजू नका. आयसीसीमध्येच काय झालं बघा. 2021 च्या कोडसाठी 2019 च्या अखेरीस मतदान झालं. शहरांच्या आणि काउंट्यांच्या (तिथल्या जिल्ह्यांच्या) अधिकाऱ्यांनी एरवीपेक्षा कितीतरी मोठ्या संख्येनं मतं टाकली आणि कार्यक्षमता वाढवणाऱ्या बऱ्याच सूचना पास झाल्या. घरांसाठीचा कोड आधीच्या आवृत्तीपेक्षा सुमारे 9 टक्के जास्त ऊर्जा वाचवणारा झाला. बिल्डरांच्या आणि गॅस कंपन्यांच्या संघटनांना ते रुचलं नाही. मार्च 2021 मध्ये बोर्डानं पद्धतच बदलली: ऊर्जा कोड यापुढे मानक म्हणून तयार होईल, आणि अंतिम मत अधिकाऱ्यांऐवजी समित्यांचं राहील.

मग त्या समित्यांनी 2024 च्या कोडमध्ये ईव्ही चार्जिंगची सोय आणि विजेवरच्या उपकरणांसाठी आधीच वायरिंग अशी कलमं घातली. त्यावर अपिलं झाली. ती फेटाळावीत, अशी अपील मंडळाची शिफारस होती. बोर्डानं मार्च 2024 मध्ये ती शिफारस बाजूला ठेवून काही अपिलं अंशतः मान्य केली आणि वादातली कलमं परिशिष्टात गेली. परिशिष्ट म्हणजे राज्यानं किंवा शहरानं ते वेगळं स्वीकारलं तरच लागू. समितीतल्यांची दोन-तीन वर्षांची मेहनत अशी एका ठरावानं कडेला पडते. त्याआधी 2019 मध्येच न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी दिली होती की बिल्डरांच्या संघटनेला आयसीसीशी झालेल्या करारानुसार महत्त्वाच्या समित्यांवरच्या 11 पैकी 4 मतांची हमी आहे. समितीत कोण बसणार, हेही शेवटी वरच ठरतं ते असं.

थोडक्यात, बोर्ड भिंतीत एक इंचही इन्सुलेशन वाढवू शकत नाही, पण वाढलेलं काढू मात्र शकतं.

आता तोंड उघडायच्या मोकळीकीचं बघू. चळवळीतल्या माणसाला बोर्डावर सगळ्यात जड हेच जातं. संचालकाची निष्ठा संस्थेशी असावी लागते. संस्थेचा निर्णय पटला नाही तरी बाहेर जाऊन तिच्यावर टीका करायची सोय राहत नाही. हितसंबंधाचा विषय आला की मतदानातून उठावंही लागतं. आणि नेमका तोच विषय तुमच्या जिव्हाळ्याचा असतो! समितीत उलट आहे. अ‍ॅशरे या अमेरिकेतल्या एचव्हीएसी अभियंत्यांच्या संस्थेच्या 90.1 या इमारतींच्या ऊर्जा मानकाच्या समितीत प्रत्येकाची बाजू आधीच नोंदलेली असते, कुठल्याही एका गटाचं बहुमत होऊ दिलं जात नाही, आणि तुम्ही कोणाच्या वतीनं बोलताय हे सगळ्यांना ठाऊक असतं. उघड भांडता येतं. मोबदल्यात वेळ मात्र बेसुमार जातो: उपसमित्या, मसुदे, जनतेकडून आलेल्या एकेका हरकतीला उत्तर. नोकरी सांभाळून हे करायचं तर मालकाचा पाठिंबा हवाच.

भारतात हा पेच निम्मा आपोआप सुटतो. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, नियामक परिषदेचे अध्यक्ष केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री, बीईईच्या, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या, परिषदेचे केंद्रीय ऊर्जामंत्री. तिथल्या जागा सरकार भरतं, त्यामुळे आपल्यासारख्यांसमोर खरा पर्याय समितीचाच. प्रश्न उरतो तो कुठल्या समितीचा.

बीआयएसची सीईडी 46 ही समिती नॅशनल बिल्डिंग कोड सांभाळते. 2016 च्या आवृत्तीत शाश्वततेवर स्वतंत्र भाग 11 आहे. पण हा कोड मुळात शिफारसवजा. राज्याच्या बांधकाम नियमांनी, आपल्याकडे यूडीसीपीआर या महाराष्ट्राच्या एकत्रित नियमावलीनं, जेवढा उचलला तेवढाच अंगाला लागतो. बीईईच्या इमारतींसाठीच्या ऊर्जा कोडमागे 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा उभा आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनं त्यात निवासी इमारतींचीही वाट मोकळी केली. बीईईच्याच घरांसाठीच्या इको निवास संहितेनं 2018 मध्ये छताच्या यू-व्हॅल्यूला (छतातून किती उष्णता आत येते त्या मापाला; आकडा लहान तेवढं चांगलं) 1.2 ची मर्यादा घातली. वरच्या मजल्यावर मे महिना काढलेल्याला त्याचा अर्थ लगेच कळेल: नुसता स्लॅब आणि ब्रिकबॅट कोबा एवढ्यावर ही मर्यादा गाठता येत नाही, इन्सुलेशन घालावंच लागतं. माझा कल म्हणून बीईईच्या बाजूला. अंमलबजावणी राज्यांच्या हातात असल्यानं पुण्यात महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेचं दारही ठोठवावं लागेल, हे धरून चाला.

अमेरिकेतल्यांना मात्र मी म्हणेन, आधी एक पूर्ण आवृत्ती समितीत काढा. कोण कुठल्या कलमावर का अडतो, हे तिथेच कळतं. समितीत तुमच्या विचाराचे दोघं-तिघं पक्के बसलेत, असं दिसलं की मग बोर्डाचा विचार करा. समिती रिकामी सोडून वर गेलात, तर वर वाचवायला काही उरणार नाही.

आणि बोर्डाचं आमंत्रण आत्ताच हातात असेल, तर होकाराआधी तीन कागद मागून घ्या: अपिलांचा शेवटचा निर्णय कोण देतं ते सांगणारे नियम, हितसंबंधांचं धोरण, आणि उत्पन्नाचा ताळेबंद. पुस्तकविक्री, प्रमाणपत्रं, उद्योगांची वर्गणी यांतलं संस्थेचं पोट कशावर भरतं, ते तिसऱ्या कागदात दिसेल. कागद द्यायला कोणी खळखळ करत असेल, तर समितीचा अर्ज भरून टाका.